आद्याक्षर आणि आडनाव

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा माझी पुस्तकं माहेरीच राहिली. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा पुरत नव्हती. "पुढच्या खेपेला नेते," असं मी दर दिवाळीला आईला सांगायची आणि चकल्यांचा डबा तेवढा घेऊन परत यायची. कॉलेजात असताना एकेक करून जमवलेली दीडेकशे पुस्तकं होती ती. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर माझ्या नावाचं आद्याक्षर आणि आडनाव होतं. पूर्ण नाव लिहायचा कंटाळा, दुसरं काय!

मग भावाचं लग्न झालं. वहिनी खंडाळ्याकडची, शेतकऱ्याघरची. गुरुजींनी अक्षर काढून दिलं आणि भावाने ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. करवली म्हणून मी पुढे वाकून ते वाचलं. नावाचं पहिलं अक्षर माझंच होतं. आडनाव तर आता तिचं झालंच होतं, आणि माझं कधीच बदलून गेलेलं. कपाटातली सगळी पुस्तकं त्या क्षणी तिच्या नावावर झाली, हे मांडवात एकट्या मला कळलं. सगळे हसत होते म्हणून मीही हसले.

पुस्तकं नीट ठेवणं तिला जमणार नाही, अशी मला फार आशा होती. कसलं काय! पुढच्या दिवाळीला गेले तर प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, कपाटात कडुनिंबाचा पाला आणि वर एक वही. मी वाचायला एक पुस्तक काढलं, तर बाईसाहेब वही घेऊन हजर.

"वन्सं, हितं सही करा. कुणाकडं काय गेलंय ते कळाया नको व्हय?"

माझंच पुस्तक न्यायला मी सही केली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात फराळाला आलेल्या शेजारणीने एका पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं नाव वाचलं आणि आईला म्हणाली, "सूनबाईंनी काय निगुतीनं ठेवलीत हो आपली पुस्तकं!" आईने तिला आणखी एक करंजी वाढली. मी चिवडा खात राहिले.

वहिनीने एक पान फाडलं नाही की एक पुस्तक हरवलं नाही. फाडलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

शतक संपत आलं तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर आला. नवऱ्याने एक सीडी आणली, तिच्यात म्हणे शेकडो इंग्रजी पुस्तकं. "चला, तुझी माहेरची रद्दी आणायची भानगड मिटली," तो म्हणाला. मी पडद्यावर चार पानं वाचली. डोळे चुरचुरायला लागले, आणि पुस्तक किती उरलंय ते हाताला कळेना. खरी पुस्तकं तिच्याकडे आणि मला ही काच? त्याच आठवड्यात मी साताऱ्याची एसटी धरली.

वहिनीने मुकाट्याने दोन पोती भरून दिली. "घिऊन जावा, तुमचीच हायती," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर मला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन पहिलं पोतं सोडलं. कॉलेजात मी समासात पेन्सिलीने शेरे मारायची. ते मी साफ विसरून गेले होते. 'भंपक', 'हे खोटं आहे', 'इथे मी रडले'. आता प्रत्येक शेऱ्याखाली दुसरं एक बारीक, गोल अक्षर होतं. 'इथे मी रडले'च्या खाली, 'मी पण.' 'भंपक'च्या खाली, 'लय हसले, वन्सं.' पुस्तकामागून पुस्तक उघडलं, सगळीकडे तेच. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, 'या पुस्तकातल्या वन्सं दिवाळीला का येत न्हाईत? येतात त्या दुसऱ्याच.'

इतकी वर्षं मी वहिनीवर जळले. त्या संध्याकाळी पोत्यांपाशी बसून त्या पेन्सिलवाल्या पोरीवर जळायला लागले. त्या घरात वहिनीला जिवाभावाची अशी तेवढी एकच होती, आणि तिलाही मी पोत्यात घालून घेऊन आले होते.