दाराची वरची कड

सवाल्या हे नाव त्याला कुणी दिलं ते आठवत नाही. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघायचा नाही. तो रंगारी, मीही रंगारी. रंगाआधीचं अस्तर मारायचं काम बहुतेक माझ्याकडे असायचं, म्हणून त्याने माझं नाव 'अस्तर' ठेवलं. कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवतोय.

रंगकामात हात गुंतलेला आणि डोकं रिकामं. बाकीचे गाणी लावत, आम्ही सवाल घालायचो. पुस्तकं, टीव्ही आणि इतिहास. नियम त्याचे: पहिला हात मारताना सवाल घालायचा, दुसरा हात लागायच्या आत उत्तर यायला हवं. भिंतीचा रंग लवकर सुकतो, म्हणून भिंतीला सोपे सवाल. दाराला ऑइल पेंट, तो रात्रभर घेतो, म्हणून दाराला अवघड. घरी जा, शेजाऱ्याला विचार, वाचनालय पालथं घाल. पण उत्तर त्याच दारापाशी, समोरासमोर. दुसरा हात लागला की सवाल मेला. पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले तेव्हा त्याने आणखी एक कलम जोडलं. "फोनवरचं उत्तर धरणार नाही. सवाल तुला घातलाय, फोनला नाही."

त्याची विद्या रद्दीतली. फरशीवर थेंब पडू नयेत म्हणून आम्ही जुने पेपर अंथरायचो. मी अंथरून मोकळा व्हायचो, हा गुडघ्यांवर बसून वाचत राहायचा. वर रंग सुरू झाला तरी शिडीवरून खाली वाचन चालूच. त्यामुळे त्याच्या माहितीला भोकं होती. जगातली सगळ्यात छोटी लढाई पाऊण तासाच्या आत आटोपली, हे त्याने मला एका जिन्यात सांगितलं.

"जिंकलं कोण?"

"तिथे थेंब पडलाय."

"कुणाचा?"

"तुझा. माझा ब्रश गळतो का?"

नव्हता गळत. मी तरी कधी पाहिला नाही. त्याची आणखी एक खोड होती. दार पुरं झालं की तो स्टुलावर चढायचा आणि वरच्या कडेवरून बोट फिरवायचा. ती कड कुणालाच दिसत नाही, म्हणून निम्मे रंगारी ती सोडतात. तिथूनच लाकूड ओल पितं. कड कोरडी सापडली की तो शिव्या द्यायचा नाही. खाली उतरून माझ्या हातात ब्रश द्यायचा आणि उभा राहायचा. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

त्याची बायको लवकर गेली. पोर लहान होती. टीव्ही लावल्याशिवाय ती घास घ्यायची नाही, म्हणून हा रोज तिच्याबरोबर मालिका बघायचा. पोर मोठी झाली, लग्न होऊन गेली, याचं मालिकांचं वेड तेवढं राहिलं. त्या विषयात त्याला हरवणं माझ्या बापाला जमलं नसतं.

आमच्या तरुणपणी एक मालिका होती, दीपगृहाच्या राखणदाराची. प्रत्येक भाग एकाच जागेवरून सुरू व्हायचा. राखणदार घराचं दार ओढून घेतो आणि दिवा लावायला निघतो. एकदा काम करता करता सवाल्याने विचारलं, "त्या दाराचा रंग कोणता असेल रे?" टीव्ही काळा-पांढरा, कुणाला कळणार? मी म्हणालो तपकिरी, तो म्हणाला निळा. ते भांडण पुढे कितीतरी भिंतींवर चाललं.

हात थकले तसं काम सुटलं. एक दिवस वाचनालयात मला एक जाडजूड पुस्तक दिसलं. ती मालिका त्यावरून काढलेली होती. मला वाचायची सवय नाही. ओळीखाली बोट ठेवून, रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचलं. निम्म्यापुढे एका ओळीत तो रंग सापडला. शेवाळी. तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. काम अर्धं सोडायची सवय नाही.

मग शेवाळी रंगाचा डबा आणला आणि आमचं बाहेरचं दार घासायला घेतलं. ही म्हणाली, "दार करताय की डबकं?" पहिला हात मारायला सवाल्याला बोलावलं.

तो दाराच्या खालच्या फळीवर होता, मी वरच्या. मी म्हटलं, "सवाल. राखणदाराच्या दाराचा रंग कोणता?"

ब्रश थांबला. "हा सवाल नाही, भांडण आहे."

"पुस्तक आहे त्याचं. त्यात लिहिलंय."

"आणि ते तू वाचलंस?"

"सगळं."

"वहिनी," त्याने आत हाक मारली, "याला बरं नाही का?"

"भाऊजी, संध्याकाळी घरात असूनही नसायचे हे," ही आतून म्हणाली.

तो मान खाजवत बसला. उत्तर त्याच्याच ब्रशला लागलेलं होतं. आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती. ब्रश इथेच ठेवून उठताना म्हणाला, "उद्या सांगतो."

तो उद्या आलाच नाही. त्याच संध्याकाळी स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवर त्याचा गुडघा दगा देऊन गेला. लेक आली, दवाखाना झाला, आणि ती त्याला तिच्या गावी घेऊन गेली. इथून एका रात्रीचा प्रवास.

फोन यायचा. सुरुवातीला म्हणायचा, "लेकीने पुस्तक आणून दिलंय. वाचतोय." नंतर म्हणाला, "वाचून झालं."

"मग?"

"मग काय? दारापाशी सांगेन. दुसरा हात मारलास का?"

"नाही."

"मारू नकोस. येतोय."

असं वर्ष गेलं. मग तो जावयाबद्दल बोलायचा, अळणी जेवणाबद्दल बोलायचा, येतोय म्हणायचा नाही. मीही विचारायचो नाही. माझ्याही कंबरेने प्रवासाचं नाव टाकलंय.

दार मात्र थांबेना. एका हातावरचं लाकूड किती दिवस तग धरणार? खालून पोपडे सुटले, फळी फुगली, ओढून लावावं लागायचं. ही म्हणाली, "रंगाऱ्याचं घर म्हणून पत्ता सांगायचीसुद्धा लाज वाटते." बरोबरच होतं. दार असं ठेवणं म्हणजे कामचोरी. आणि दुसरा हात मारला की सवाल संपला. मग तो यायचा कशाला?

शेवटी परवा दार करायला घेतलं. पोपडे खरवडले, पॉलिश पेपर मारला, पुट्टी भरली, तेवढ्या जागी पुन्हा अस्तर आणि पहिला हात दिला. रात्रभर सुकू दिलं. काल दुसरा हात मारला. माझ्या कंबरेला पूर्ण दिवस लागला. शेवटी स्टूल घेतलं, चढलो, ब्रश वरच्या कडेजवळ नेला. आणि तसाच खाली उतरलो.

संध्याकाळी फोन केला. "दार केलं."

तो म्हणाला, "बरं केलंस. लाकूड गेलं असतं." मग, "म्हणजे सवाल गेला."

"वरची कड राहिलीय."

"राहिलीय म्हणजे?"

"कोरडी आहे. पहिल्याच हातावर."

"अरे हरामखोरा! जन्मभर तुझ्या कडा तपासल्या त्या यासाठी? पाणी पिईल ती!"

"पिईल."

"मग मार की!"

"माझा हात पोचत नाही."

मी त्याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. पलीकडे लेक मागून विचारत होती, "बाबा, काय झालं? कुणाशी भांडताय?"

"अस्तर," तो म्हणाला, "डबा उघडा नाही ना ठेवलास? साय धरेल."

"लावतो."

"आणि उपडा ठेव, हवा शिरायला नको."

"माहितीय मला."

"माहितीय तर ठेव ना मग. फोनवर काय बोलत बसलायस?"

फोन ठेवला. डब्याची कड फडक्याने पुसली, झाकणावर लाकडाचा ठोकळा ठेवून चहूबाजूंनी ठोकलं आणि डबा उपडा करून दारामागे ठेवला. शेजारी त्याचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून ठेवला.

ही म्हणाली, "झालं ना दार? मग हा पसारा कशाला?"

म्हटलं, "काम बाकी आहे."