डाव्या कमरेची खोड

डॉक्टर म्हणाले, "यापुढे वजन उचलायचं नाही." दीर म्हणाले, "वहिनी, फ्लॅट विकून टाकू, तुम्ही आमच्याकडे या." दोघेही माझ्या भल्याचंच बोलत होते, आणि दोघांचाही मला सारखाच राग आला. नायगावात चौथ्या मजल्यावर माझं घर. लिफ्ट नाही, आणि नळाला पाणी आलं तर आलं. टँकर आला की खालून पाणी चढवायचं. नवरा गेल्यापासून मी एकटीच चढवत होते, आणि पंचेचाळिशीत पाठीने दगा दिला. पण घर आम्ही दोघांनी मिळून घेतलेलं. दिरांकडे मला एक खोली मिळाली असती आणि त्यांच्या वेळेला चहा. नुसत्या विचारानेच जीव गुदमरायचा.

आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई भुईगावच्या, ख्रिस्ती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला. सोबतच्या खलाशांचं बघून त्याने सुट्टीत येताना मूठ असलेला एक लोखंडी गोळा आणला. केटलबेल म्हणे. भाऊ परत गेला, गोळा बहिणीकडे राहिला. स्टाफरूममध्ये मला पाठ धरून बसलेली पाहून त्या म्हणाल्या, "मॅडम, शाळा सुटल्यावर मागच्या पटांगणात या. मलाही तो नीट येत नाही. दोघी मिळून शिकू."

स्टाफरूममध्ये हसायला विषय मिळाला. या वयात? पंजाबी ड्रेस घालून? म्हटलं, हसा. बाईने पाण्याचा हंडा उचलला तर तो संसार, आणि लोखंड उचललं तर थेरं! चार मजले चढताना माझं वय कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. गोळा दोन पायांच्या मधून मागे न्यायचा आणि खुब्याच्या झटक्याने पुढे झुलवायचा. मी उचलला की तो सरळ माझ्या डाव्या कमरेवर येऊन बसायचा. बाई पोट धरून हसल्या. पुन्हा उचलला, पुन्हा डाव्या कमरेवर. तिसऱ्यांदा मात्र त्या हसल्या नाहीत. जवळ येऊन त्यांनी माझी कंबर दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली.

"मॅडम, हा हंडा नाही. किती वर्षं एकाच बाजूने पाणी वाहताय?"

मी आठवलं. माहेरी विहिरीवर जायला लागले तेव्हा दहा वर्षांची होते.

म्हणजे पस्तीस वर्षं मी एका अंगावर वाकडी होऊन चालत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आता सगळे मिळून दोष वजनाला देत होते. मला इतका संताप आला की त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षा केली नाही, स्टेशनपर्यंत तरातरा चालत गेले.

मग शिकलो. वाकायचं कसं, हे त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. "दोन्ही हातांत भांडी असताना फ्रिजचं दार बुडाने मागच्या मागे ढकलता ना? तसं." मला ते चटकन जमलं. त्यांची खोड वेगळी होती. कवायतीसारखे मोठ्याने आकडे म्हणायच्या आणि श्वास घ्यायलाच विसरायच्या. "बाई, आधी श्वास," मी ओरडायचे. पुढे उताणं पडून, एका हातात गोळा वर धरून, तसंच उठून उभं राहायला शिकलो. ते जमलं त्या दिवशी आम्ही मातीने माखलो होतो, आणि मी चक्क रडले.

एका रविवारी टँकर आला होता. मी दोन्ही हातांत एकेक भरलेला कॅन घेऊन जिन्यापाशी आले, तर समोर दीर, सोबत एक गृहस्थ. घर बघायला आणलेले. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

"वहिनी, ठेवा ते! पाठ विसरलात का?" म्हणत त्यांनी माझ्या हातातला एक कॅन ओढून घेतला. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी तो खाली ठेवला आणि कठडा धरून उभे राहिले. मी तो कॅन मोकळ्या हाताने उचलला आणि सरळ चढत गेले. ते गृहस्थ माझ्या मागून येत होते.

वर पोचून मी दार उघडलं, दोन्ही कॅन आत ठेवले. पाठ ताठ होती. मागे वळले तर ते गृहस्थ उंबऱ्याबाहेर वाकून चपला काढत होते.

"चपला काढू नका," मी म्हणाले. "मी इथेच राहणार आहे."