नव्या चादरी का फाटतात

माझा कुणावर विश्वास नाही. नवरा म्हणतो, हिला पाणी दिलं तरी ही आधी वास घेऊन बघते. बघते, मग? मोठ्या इस्पितळाचं कापड सांभाळायला असाच स्वभाव लागतो. चादरी, अभ्रे, पडदे, डॉक्टरांचे डगले, सगळं तळघरात माझ्या हाताखालून जातं, आणि नजर हलली की कापडाला पाय फुटतात.

त्याच तळघरात, धुलाईच्या यंत्रांच्या पलीकडं, एका टेबलाशी रफूबाई बसायची. तिला नाव होतं, पण ते घ्यायची वेळ कुणावर येत नसे. वरून फाटलेलं कापड धुऊन तिच्याकडं यायचं, ती शिवायची, ते परत वर जायचं. ती स्वतः मात्र कधी वर गेली नव्हती. बोलणं बेताचं. विचारलं तर उत्तर, तेही अर्धं. अशी माणसं मला धड वाटत नाहीत. बडबड्या माणसाच्या पोटात काय आहे ते निदान कळतं तरी.

तिला एक खोड होती. भोक सरळ पांढऱ्या दोऱ्यानं बुजवायचं सोडून ती त्यात चित्र भरायची. बाद झालेल्या पडद्यांचे धागे उसवून ठेवायची, निळे, हिरवे, विटकरी, आणि भोक असेल तेवढ्या जागेत काहीतरी काढायची. एकात होडी. एकात छत्री धरून बसलेली शेळी. मी एकदा म्हटलं, मावशी, चित्रानं कुणाचं हाड जुळतं का? ती म्हणाली, नुसतं बुजवत बसलं की झोप येते, ताई. शिवण मजबूत असायची, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

मग नव्याकोऱ्या चादरी फाटून यायला लागल्या. जुनं कापड विरतं, ते कुठंही विरतं. ही भोकं सगळी उशाकडच्या बाजूला, कडेपासून हातभर आत, बोट जाईल एवढी. कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि नेमकं त्याच सुमाराला ऑफिसात ठरत होतं की कागदी चादरी आणायच्या, वापरायच्या आणि फेकायच्या. म्हणजे रफूची जागा बंद. मी दोन्ही गोष्टी जोडल्या. फाटकं कापड कुणाच्या सोयीचं? जिचं पोट त्यावर चालतं तिच्या. कुंपणच शेत खातंय, दुसरं काय!

ऑफिसातल्या साहेबांच्या कानावर मी ते घातलं. साहेब म्हणाले, खात्री करा आणि सांगा, मग तिला जागा बंद व्हायची वाट बघावी लागणार नाही. बाईला नवरा नाही. पोरगी नांदत होती ती लेकराला घेऊन परत आलेली. आता कापड फाडल्याचा ठपका घेऊन बाहेर पडली असती तर दुसऱ्या कुठल्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण चोर तो चोर, आणि कापड माझ्या ताब्यातलं.

मी पाळत ठेवली. तिची पिशवी बघितली: डबा, चष्मा, नातवाचं एक फाटकं झबलं. तिनं फक्त झबलं पुन्हा नीट घडी करून ठेवलं. त्या गप्प बसण्याचाही मला संशय आला. मग मी मळक्या चादरी तिच्या हातात पडायच्या आधीच उघडून बघायला लागले. भोकं आधीच पडलेली. म्हणजे फाडणारा वर होता. म्हणजे, मी म्हटलं, बाईनं वर कुणालातरी फितवलंय. आणि सगळ्या चादरी एकाच वॉर्डातून येत होत्या, हाडांच्या.

दुपारी, भेटायला येणारे निघून गेल्यावर, मी पाय न वाजवता त्या वॉर्डात गेले. दारालगतच्या खाटेवर एक क्रेनवाला होता, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, महिनोन्‌महिने छताकडं बघत पडलेला. त्याच्या हातात चमचा. चमच्याचा दांडा चादरीत खुपसून तो गोल गोल फिरवत होता, आणि शेजारचा त्याला सांगत होता की जरा डावीकडं घे, डावीकडं जागा आहे.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, तिनं काय कबूल केलंय तुला? त्याला काही कळेना. कोण ती? मी म्हटलं, रफूबाई, खालची. तर तो शेजाऱ्याला म्हणतो, बघ, बाई आहे, मी म्हणत होतो ना, मशीन नाही.

मग सगळं बाहेर आलं. वॉर्डाच्या चादरी धुऊन त्याच वॉर्डात परत यायच्या, पण कुठली कुणाच्या खाटेवर पडेल याचा नेम नसे. कुणाला होडी मिळायची, कुणाला शेळी, कुणाला नुसतं पाणी. तुकडे जुळवता जुळवता त्यांच्या लक्षात आलं की ही एक गोष्ट आहे. शेळी होडीतून कुठंतरी निघालीय. आधी हा सगळा वॉर्ड एकमेकांकडं पाठ करून पडलेला असायचा. आता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर वाद. कोपऱ्यातला म्हातारा, जो जेवणाचं ताट तसंच परत पाठवायचा आणि भिंतीकडं तोंड करून असायचा, तो म्हणे चादरी बदलायच्या दिवशी सकाळपासून उठून बसतो. आणि गेल्या खेपेला आली होती फक्त एक शेपटी. हिरवी, करवतीसारखी. मगरीची. दर खेपेला पुढं काय झालं ते कळायला भोक हवं होतं, आणि नव्या कापडाला भोक पडेना, म्हणून हे पाडत होते.

मला संताप आला. चादरीसाठी आला असं आधी वाटलं, पण तसं नव्हतं. ती बाई खाली दिव्याखाली डोळे फोडत बसायची, आणि यांना वाटत होतं मशीन आहे! आणि तिला तरी कुणी कधी सांगितलं होतं की वर कुणी बघतंय म्हणून?

खाली येऊन मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं, मी तिला गोड बोलून अडकवतेय. "माझ्याकडून काय वदवून घ्यायचंय ते सरळ विचारा, ताई," ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. शेवटी मी तिला दंडाला धरून वर नेलं.

ती दारातच थबकली. पदराला हात पुसत राहिली. मी म्हटलं, ही ती. कोपऱ्यातला म्हातारा कोपरावर उठला आणि त्यानं विचारलं, "मगर शेळीला खाते का?"

रफूबाईला रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती रागावल्यासारखं बोलली. "मला काय ठाऊक? शेपटीएवढंच भोक होतं. पुढचं केवढं पडतंय त्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. खात्री झाली का, म्हणाले. मी म्हटलं, झाली. बाईनं एक दोरासुद्धा तोडलेला नाही. सगळं खरं सांगितलं, आणि हेही सांगितलं की तुमच्या कागदी चादरी त्या वॉर्डात मी चढू देणार नाही. साहेब हसले नाहीत. चादरी फाडणाऱ्यांची नावं द्या म्हणाले, एकूण एक.

मी म्हटलं, लिहून घ्या, आणि पहिलं माझं लिहा. सकाळीच एक नवी फाडून तिच्या टेबलावर ठेवून आलेय. चांगली वीतभर. मगरीला जागा लागते.