मल्हारच्या हातातली पोरगी

मल्हारला आपल्या हातांचा भारी माज होता. पालमजवळच्या त्यांच्या वस्तीवर मेंढी अडली की लोक त्यालाच हाक मारत. जन्मून श्वास न घेणारं कोकरू मागच्या पायांना धरून उलटं करायचं, दोन हिसके द्यायचे, की नाकातला चिकटा गळून ते बें करायचंच. एवढ्याशा विद्येवर स्वारी वस्तीभर मिशीला पीळ देत फिरायची.

म्हणून त्याच्या महिन्याच्या पोरीला तपासायला आलेल्या दवाखान्याच्या आशाताई जेव्हा म्हणाल्या, "पोरगी रडून रडून तुमचं डोकं फिरायला लागलं, तर तिला खाली उताणी निजवा आन् जरा बाहेर जाऊन बसा," तेव्हा मल्हार फिदीफिदी हसला. लेकराला रडत टाकून पळायचं? असली अक्कल बायकांनीच सांगावी आणि बायकांनीच ऐकावी! त्याची बायको सोनू मात्र कान देऊन ऐकत होती. बावळट कुठली, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनू पोरीला पाजून धुणं धुवायला गेली, आणि पोरीनं भोकाड पसरलं. मल्हारनं झोळी हलवली, खांद्यावर घेतलं, लंगोट बदलला, मीठमिरच्या ओवाळल्या. काही उपयोग नाही. "गप की!" तो खेकसला. मूठभर पोर, आणि मल्हारला दाद देत नाही! वस्ती ऐकत असेल, हसत असेल, या विचारानं त्याचं टाळकं सटकलं. त्यानं तिला काखांत धरून वर उचललं. हात आपसूकच हिसका द्यायला ताणले गेले.

तेवढ्यात पोरीची मान मागे लवंडली. कोकराची मान अशी लवंडते ती मेल्यावरच.

हिसका न देताच मल्हारनं हात खाली घेतले. त्यानं तिला हळूच जमिनीवरच्या वाकळीवर उताणं ठेवलं आणि बाहेर येऊन दाराशी बसला. आत रडणं चालूच होतं.

अंगणात मेंढ्यांना पाला टाकणारा त्याचा बाप धोंडीबा तुच्छतेनं हसला. "मल्हाऱ्या, येवढ्याशा पोरीला भ्यायलास व्हय रं? मर्द हायस का कोण?"

मल्हारनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

"पोरीला न्हाई, आबा," तो म्हणाला. "माजीच मला भीती वाटायलीय. सोनू येईस्तोवर तुमी बसा तिच्यापाशी."