टॉवेलाखालचा हात

मालकांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढं केला.

"ये गं शेळीवाले. घाल हात."

अंगणात तीस-चाळीस माणसं होती. सगळी हसली. मी पायरीवर बसले होते, चपला काढतात तिथं. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस म्हणून कुणी म्हणालं नव्हतं.

अर्ज मागं घेण्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीनपर्यंत मुदत. मालक म्हणजे आमच्या भागाचे आमदार. वडिलांपासून घरात आमदारकी. मी एका लहान पक्षाची विधानसभेची उमेदवार. एरवी दोन मोठ्या आघाड्यांच्या मध्ये आम्हाला कोण विचारतो? पण या वेळी लढत अटीतटीची होती. बाजारातल्या बायकांची मतं माझ्याकडं वळतील, असं कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं होतं.

तो टॉवेल मला का झोंबला, ते सांगते.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात. बोटं धरतात, दाबतात. जेवढी बोटं, तेवढा भाव. बघणाऱ्याला काही कळत नाही. मी वीस वर्षं लातूर-नांदेडकडच्या बाजारांत शेळ्या विकते. अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं पाळायला घेतलेल्या दोन शेळ्यांपासून सुरुवात केली. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. पण वीस वर्षांत एकाही दलालानं माझ्याबरोबर रुमालाखाली हात घातला नाही. एकजण तर तोंडावर म्हणाला, "बाईच्या हाताला हात? आन् ती बी तुमच्या वस्तीतली?" बोकड मात्र माझाच घेऊन गेला.

म्हणून मी भाव ओरडून सांगायचे. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. लोक मला भांडकुदळ म्हणतात. आहेच मी. पण रुमालाबाहेर राहून एक गोष्ट शिकले. कोपर बघायला. आत बोट दाबलं की बाहेर कोपर हलतं, दंड ताठतो. चार माणसांमागून मी भाव ओळखते.

राजकारणातही मला रुमालाबाहेरच ठेवलं. ग्रामपंचायतीत निवडून आले, तर सभेत खुर्ची नाही. जिल्हा परिषदेला पडले. मागच्या विधानसभेला पडले, डिपॉझिट गेलं. मागणं एवढंच होतं, की बाजाराच्या मैदानात बायकांसाठी संडास बांधा. आमच्या बायका बाजाराच्या दिवशी पहाटेपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. का, ते सांगायला नको. पण लोक विचारायचे एकच.

"कुणी उभं केलंय गं तुला? किती घेतले?"

मोठ्या पक्षाचा माणूस उभा राहतो. आमच्यासारख्याला कुणीतरी उभं करतं.

आमच्या पक्षाला अर्जावर दहा सूचक लागतात. मोठ्या पक्षाला एक पुरतो. माझ्या दहाही सूचक आमच्याच गावच्या, बाजारात बसणाऱ्या बायका. सहाजणींना सही येत नाही. अंगठा अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो, म्हणून त्यांनी बाजार बुडवला. सगळ्यांत म्हातारी रुक्मिणमावशी. अंगठा उठवून मला म्हणाली, "माय, शाई लावून घेतलीय म्या. आता माघारी फिरू नको. न्हाईतर ही शाई जन्मात निघायची न्हाई."

आणि आता मालकांचा निरोप आला म्हणून मी त्यांच्या पायरीवर होते. समोर खुर्चीवर आमच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष बापू. हातात चहाचा कप. त्यानंच मला तिकीट आणून दिलं होतं.

"बापू, तुमी हितं?"

"ऐकून तर घे," तो कपात बघत म्हणाला. "आपल्याला कोन बोलवतंय गं? आज बोलवलंय."

मी उठले. निघून जायला पाहिजे होतं. गेले नाही. मी टॉवेलाखाली हात घातला.

वीस वर्षं जो रुमाल माझ्यापुढं कुणी धरला नव्हता, तो एका आमदारानं धरला होता. चेष्टेनं का होईना. मला ते पाहिजे होतं. लाज वाटते, पण पाहिजे होतं.

मालकांनी माझी तीन बोटं धरली. तीन लाख.

आणि माझ्या हातानं, मला विचारायच्या आधी, पाचही बोटं त्यांच्या मुठीत दिली. सवय. पहिल्या भावाला हो म्हणायचं नसतं, एवढंच त्या हाताला ठाऊक. मालकांनी पाचही दाबली.

"हां. झालं," ते म्हणाले. "आणा रे तो माघारीचा कागद."

झालं? रुक्मिणमावशीचा अंगठा डोळ्यांपुढं आला. मी टॉवेल खेचून काढला. बाजारात ओरडते तशी ओरडले.

"पाच लाख! ऐका सगळे! मालकानं एका शेळीवालीला बसवायला पाच लाख लावले!"

हसणं थांबलं. बापूचा चहा धोतरावर सांडला. मी टॉवेल तिथंच टाकला आणि चालत आले. तीन वाजले. माझा अर्ज राहिला.

पण कुणीतरी मोबाइलवर सगळं काढलं होतं. मालकांच्या माणसांनी फिरवलं ते तोडून. फक्त टॉवेलाखाली माझा हात. ओरडणं नाही. संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांच्या मोबाइलवर. खाली लिहिलेलं, शेळी विकली.

पुढच्या बाजारात रुक्मिणमावशीनं विचारलं, "हात घातलास का न्हाई, तेवढं सांग."

"घातला. पण मावशे, पुढं काय झालं ते—"

तिनं शेळ्यांची दावी सोडली. दुसरीकडं जाऊन बसली.

मतमोजणीला आमच्या गावच्या बूथवर मला सात मतं निघाली. त्यातलं एक माझं. सूचकच दहा होत्या. निवडून मालकच आले. पक्षानं मला काढलं. बापू आता मालकांच्या गाडीत पुढं बसतो. मैदानात संडास अजून नाही.

मी सगळ्यांना ओरडल्याचं सांगत फिरले. तीन लाखांचे पाच मी मागितले, हे कुणाला सांगितलं नाही. ते दोघांनाच माहीत होतं, मालकांना आणि मला. आज लिहिते. मालकांकडं माझी तेवढी एक दोरी होती, ती तोडते.

मागच्या बाजारापासून मी दलालांच्या पाठीमागं उभी राहते. रुमाल पडला, कोपर हललं, की भाव मोठ्यानं पुकारते. एकानं काठी उगारली. मी हलले नाही.

पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार. पक्ष नसला तर अपक्ष. दहा अंगठे लागतील. पहिला रुक्मिणमावशीचा मागणार आणि मागण्याआधी पाच बोटांचं सांगणार. ती थुंकली, तर पुसून दुसरीच्या दारात जाणार.

आणि माघारीच्या दिवशी मालकांच्या फाटकासमोर बसणार. पायरीवर नाही, रस्त्यावर. तिथून अंगण दिसतं. आत टॉवेल पडला, की बाहेर आकडा ऐकू येईल.