गॅलरीतला स्विच

मला लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण तापलेल्या इस्त्रीचा वास आला की कुंडलिका नदीकाठच्या अष्टमी गावातली माझी भाड्याची खोली आठवते. माझ्या खोलीला आणि शेजारच्या घराला मिळून गॅलरीत एकच सेफ्टी स्विच होता आणि संध्याकाळी तो हमखास पडायचा, की दोन्हीकडची वीज जायची. एकदा मी बाहेर आलो तर शेजारची मुलगी नेहमीसारखी आधीच तिथे उभी. “काय कॉलेजवाले, परत इस्त्री?” “नाय, आज नुसता दिवा हाय.” “मग ऱ्हाऊ दे जरा काळोख,” ती म्हणाली, “कुंडलिकेवरून वारा बरा येतोय.” मी आपला स्विच वर केला. पुढे ती लग्न होऊन पेणला गेली. परवा घरमालक सहज म्हणाले, “तेव्हाच वायरमनकडून तपासून घेतलं होतं, लाइनीत दोष नव्हताच. स्विच कोणीतरी हाताने पाडायचं.”