एकाच साच्यातले दोन गोळे

आबा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या एका फौंड्रीत माल तपासायचे. ओतलेलं लोखंड वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी आत पोकळी असू शकते, म्हणून प्रत्येक नग हातोडीनं ठोकून, आवाज ऐकून मगच ते पुढं सोडत. घरीही ही खोड जात नसे. दूधवाल्याच्या मापावर संशय, कलिंगडवाल्यावर संशय. मी अकरावीला सायन्स घेतलं आणि पाळी आमच्या फिजिक्सच्या सरांची आली.

जड आणि हलकी वस्तू वरून एकदम सोडली तर दोन्ही बरोबरच खाली येतात, असं मी जेवताना सांगितलं. आबांचा घास हातातच राहिला.

"असं कुटं असतंय व्हय? काय बी शिकवाय लागल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फौंड्रीतून दोन गोळे आणले. एकाच साच्यातले, दिसायला जुळे. पण एक भरीव, दुसरा पोटात पोकळ निघालेला. आकार तोच, वजनाचा फरक मात्र हातात घेताच कळायचा. मी गच्चीवरून दोन्ही सोडले. खाली वाळूच्या ढिगावर एकच धप्प आवाज झाला.

"जड गोळा तू मागनं सोडलास," आबा म्हणाले.

"मग तुमीच या की वर."

ते वर गेले, आई आणि मी खाली. पुन्हा एकच धप्प. तरी आईला त्यांनी स्वयंपाकघरात गाठलंच. "खरं सांग, पोरीनं काय केलं?"

"माझ्याजवळच उभी हुती की ती!"

मग त्यांनी वर्तमानपत्राचं पान सोडलं. ते तरंगत शेजाऱ्यांच्या अंगणात गेलं. "आता ह्ये का रेंगाळलं?"

"पसरट हाय, म्हणून हवा अडवती त्याला." मी तेच पान आणून चुरगाळलं आणि सोडलं. सरळ खाली पडलं. आबांनी बोळा उलगडून पाहिला. आत खडा नव्हता.

रविवारी फौंड्रीतले त्यांचे दोन सोबती दारात उभे राहिले. आबांनी तिथं सगळं सांगितलं होतं आणि कुणालाच पटलं नव्हतं. आबांनी गच्चीवरून गोळे सोडले. एकच धप्प.

"दोन्ही भरीवच आणल्यात ह्यानं," एक जण म्हणाला आणि खिशातून हातोडी काढली.

"माझ्यावर संशय?" आबा वरून ओरडले. चिडलेले आबा धाडधाड जिना उतरून आले आणि त्या दोघांना हवा म्हणजे काय ते समजावू लागले.